रायनोच्या ट्रेलरला वरून स्क्रू नाही

रायनो कल्लिओनं उभ्या आयुष्यात एकशे बारा सौना बांधले. आमच्याकडे, मिशिगनच्या पार उत्तरेला, घरामागे सौना नसेल तर लोक त्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करतात. त्या तापलेल्या लाकडी खोलीत उघड्या अंगानं बसायचं, म्हणून बाकाला स्क्रू मारायचा तो खालून. वरून मारला की लोखंड तापतं आणि बसणारा बोंबलत बाहेर पळतो. हे रायनोच्या हाडीमांसी भिनलेलं.

एकोणऐंशीव्या वर्षी त्यानं स्नोमोबीलच्या, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीच्या, ट्रेलरचा कुजका लाकडी तळ बदलायला घेतला. हौस म्हणून नव्हे! गेल्या हिवाळ्यात त्या तळातून त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तेव्हा मुलीनं, मार्लीननं, बजावलं होतं, "बाबा, पुढच्या मासेमारीच्या स्पर्धेला स्नोमोबील एकट्यानं गोठलेल्या तळ्यावर आणून दाखवा. नाही जमलं तर विकायची." वर 'विकणे आहे' असा पुठ्ठा गाडीच्या काचेला चिकटवूनही टाकला. पोरगी बापावरच गेलीय. ती पिवळी स्नोमोबील गेली असती तर हा माणूस नोव्हेंबर ते एप्रिल खिडकीत बसून वाळला असता.

रायनोनं पाऊण इंची प्लायवूड कापलं, घासलं, आणि ट्रेलरखाली उताणा पडून लोखंडी चौकटीतून खालून स्क्रू मारले. तेही आखूड. टोक वर यायला नको ना!

शेजारच्या ऑर्व्होनं तळावरून हात फिरवला. "काय गुळगुळीत केलंयस रे! पण हे वरून बोल्ट घालून आवळतात, रायनो."

"आणि बसणाऱ्याचं काय?"

"ट्रेलरवर कोण बसतंय? तेही उघडं?"

"माझ्या कामावर आजवर कुणी भाजलेलं नाही."

उणे बावीस अंशांच्या थंडीत वाद कोण घालणार? ऑर्व्हो घरी गेला.

स्पर्धेच्या सकाळी रायनोनं पिवळी त्या तळाला पट्ट्यांनी करकचून बांधली, ट्रेलर ट्रकला जोडला आणि तळ्याशी सुखरूप आला. काठच्या उतारावर ट्रेलर मागे, तळ्याकडे घेतला आणि ब्रेक दाबला. ट्रेलर थांबला. तळ थांबला नाही! सगळे स्क्रू उपटले आणि पिवळीला पाठीवर घेऊन अख्खा तळ गोठलेल्या तळ्यावर सुटला. "हटा! अरे, हटा!" माणसं उड्या मारून बाजूला झाली, दोन बादल्या उलटल्या, आणि तो मार्लीननं गळासाठी बर्फात पाडलेल्या भोकाशी हळूच येऊन टेकला. पिवळीला ओरखडासुद्धा नाही.

रायनो धापा टाकत पोचला. "आली ना तळ्यावर?"

"एकटीच आली, बाबा. तुम्ही मागे राहिलात."

सगळं तळं खदाखदा हसलं. रायनो मात्र पुठ्ठ्याकडे बघत होता. मार्लीननं तो ओढून काढला, तेव्हा त्याला वाटलं, संपलं. आता ही गावासमोर तो धरून उभी राहणार!

तिनं चार माणसं बोलावून तळ परत चौकटीवर चढवला, आपल्या ट्रकमधून ड्रिल आणि लांब बोल्ट आणून आरपार भोकं पाडली, पुठ्ठा ट्रेलरखाली बर्फावर अंथरला आणि त्यावर उताणी पडली. "वरून बोल्ट सोडा, बाबा. मी खालून नट आवळते."

रायनोनं पहिला बोल्ट सोडला. हातमोजा काढून बोल्टच्या चकचकीत डोक्यावर बोट ठेवलं. "भाजेल गं कुणीतरी."

"थंडीनं चिकटेल, बाबा. बोट काढा."

चिकटलंच होतं. ऑर्व्होनं थर्मासमधली कॉफी ओतली तेव्हा कुठं सुटलं, आणि रायनोनं दुसरा बोल्ट उचलला.