सत्यभामाबाईंचा रेकॉर्डिंगवाला डबा

१२ मार्च २०१०, शुक्रवार. ऊन तापू लागले. नळ उशिरा आला. जुना सेटटॉप बॉक्स गेला, रेकॉर्डिंगवाला नवा बसला. बसवणारा बूट घालून आत आला. फरशी पुसून घेतली. सिताराने कढीपत्त्याच्या दोन काड्या नेल्या.

अमरावतीच्या वलगाव रोडमागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या सत्यभामाबाई रोज संध्याकाळी असे टिपण करत. कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरने लावलेली ही सवय. घडले ते लिहायचे, वाटले ते नाही, असा सिस्टरचा दंडक होता. बाई तो बाहत्तराव्या वर्षीही पाळत, आणि आपण तो पाळतो हे चारचौघांत सांगायला विसरत नसत.

नवा बॉक्स आपण टेनिससाठी घेतला, असेही त्या सांगत. खरी गोष्ट अशी की संध्याकाळच्या लोडशेडिंगमध्ये त्यांची मालिका बुडायची. नायिकेचे लग्न ठरले तेव्हा अंधार, मोडले तेव्हा अंधार. दोन्ही बातम्या त्यांना शेजारच्या सिताराकडून कळल्या. यजमान भगवंतराव असते तर हसले असते. ते गेल्यापासून मालिका पाहण्याचे कारण कोणाला द्यावे लागत नव्हते, तरी बाई देत.

बॉक्सबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक त्यांनी पट्टी लावून, खाली रेघा मारत वाचले. दुसऱ्याच दिवशी सितारा आली तेव्हा त्यांचा आवाज वर्गातल्या बाईंसारखा झाला होता.

"म्हणजे लाईट गेली तरी हा डबा सिनेमा धरून ठेवते काय, माई?" सिताराने विचारले.

"डबा नव्हे, रेकॉर्डर. त्याला वीज हवी. पण फार थोडी. आपल्या इन्व्हर्टरवर सहज चालेल."

सितारा पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मंगळवारी आमच्या ह्यायले दाखवून राहिले टीव्हीवर."

'हे' म्हणजे ताहेर. कोपऱ्यावर त्याचे वेल्डिंगचे दुकान होते. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या उपटायचा एक लांब दांड्याचा चिमटा त्याने बनवला होता, आणि शेतीच्या कार्यक्रमाची माणसे येऊन त्याचे चित्रीकरण करून गेली होती. कार्यक्रम होता संध्याकाळी, ऐन लोडशेडिंगमध्ये.

"अम्मी येऊन राहिली अचलपूरवरून, खास पाहाले," सितारा म्हणाली. "लगन झाल्यापासून तिनं यायले जावई म्हून हाक नाई मारली. 'तेरा वेल्डिंगवाला' म्हनते. एकदा टीव्हीत पाह्यलं का तोंड बंद होईन तिचं. तिकडं बडनेऱ्याकडं यायचा भाऊ राह्यते, त्या टायमाले तिकडं लाईट असते. ऑटोनं तिले घेऊन जातो म्हनते हे."

"कशाला म्हाताऱ्या माणसाला ऑटोत हिंदकळवता?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे पंख्याखाली बसून पाहतील. मी शब्द देते."

शब्द देणे त्यांना फार आवडत असे.

ताहेर स्वतः येऊन रेकॉर्डरची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डात जोडून गेला. जुना ढबोळा टीव्ही इन्व्हर्टरला झेपणार नव्हता. तो लाईट आल्यावर लावायचा. मंगळवारी बाईंनी पुस्तकाबरहुकूम बटणे दाबून संध्याकाळची वेळ लावली, पडद्यावर कार्यक्रमाच्या नावापुढे लाल ठिपका आला, आणि त्यांनी त्या ठिपक्याकडे शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीकडे पाहावे तसे पाहिले.

आता इथे त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. एका उन्हाळ्यात गेलेली लाईट एकदम जोरात आली आणि त्यांचा फ्रिज जळाला. तेव्हापासून लोडशेडिंगची वेळ झाली की त्या घरभर फिरून सगळी बटणे बंद करत: फ्रिज, टीव्ही, मोटर, मिक्सर. गल्लीतल्या सगळ्याच बाया करत, पण बाई ते देवाला दिवा लावावा तसे करत. हात फिरत असे आणि मन भलतीकडेच असे.

मंगळवारी त्यांचे मन चिवड्यात होते.

लाईट गेली. अम्मी आली ती हिरव्या काठाची ओढणी डोक्यावर घट्ट घेऊन, भिंतीला टेकून बसली. चहा झाला, चिवडा झाला. ताहेर नवा शर्ट घालून दाराशी बसला होता आणि दर थोड्या वेळाने म्हणत होता, "आता मी बोलत असन." मग, "आता चिमटा दाखवत असन."

"टीवी आएगी तब बोल," अम्मी म्हणाली.

लाईट आली. बाईंनी घरभर फिरून बटणे चालू केली, चष्मा पुसला, रिमोट धरला. यादी उघडली. यादीत काही नव्हते.

त्यांनी पुन्हा उघडली. मग फोन उचलून कंपनीला लावला आणि पलीकडच्या मुलीला सिस्टरच्या इंग्रजीत सुनावले. मुलीने शांतपणे मराठीत विचारले, "मॅडम, त्या वेळी बॉक्स बंद असला तरच असं होतं. बटण कोणी बंद केलं होतं का?"

"बटण कोण बंद करणार?" बाई ताठ होऊन म्हणाल्या. "या घरात मी एकटी राहते."

वाक्य तोंडातून गेले आणि ते त्यांना स्वतःलाच ऐकू आले. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. मग फोन ठेवला.

"सितारा," त्या म्हणाल्या, "मीच बंद केलं. सगळ्या बटणांबरोबर."

सिताराने चिवड्याच्या बश्या गोळा केल्या. ताहेर उठून नव्या शर्टाची बाही वर करू लागला.

अम्मी मात्र हसली. "देखो, बाई कितनी शरीफ है. इसकी इज्जत रखने कू अपने पे ले रही." ती ताहेरकडे वळली. "टीवी पे आया था तू? झूट."

"अम्मा, खरंच मी बंद केलं," बाई म्हणाल्या.

"इत्ती पढी-लिखी बाई ऐसा काम करेगी? कोई मानेगा?"

सत्यभामाबाईंच्या शिक्षणाचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता. त्या जितक्या शपथेवर सांगत, तितकी अम्मीची खात्री होत होती की ही थोर बाई खोट्या जावयाला पाठीशी घालते आहे.

"ताहेर," शेवटी त्या म्हणाल्या, "तो चिमटा घेऊन या. अंगणात."

"अंगनात काय उपटू, माई? पऱ्हाटी कुठं हाय इथं?"

बाईंनी अंगणातला दिवा लावला. अंगणात फरशी होती, नळ होता, आणि एका वाफ्यात अंगठ्याएवढ्या खोडाचा कढीपत्ता होता. गल्लीत कोणाला काडी हवी असली तर बाईंना विचारून, त्यांनी दाखवलेल्या फांदीचीच घ्यावी लागे.

"हा," त्या म्हणाल्या.

"माई, नोका," सितारा म्हणाली.

"मी शब्द दिला होता."

ताहेरने चिमटा खोडाला लावला. तो दांडा दाबणार एवढ्यात अम्मीने त्याला बाजूला सारले. अचलपूरच्या शिवारात उभा जन्म तिने हातांनी पऱ्हाट्या उपटल्या होत्या. तिच्या तळव्यांवर अजून घट्टे होते. तिने दांडा धरला, वजन टाकले. माती फुगली, आणि कढीपत्ता मुळासकट वर आला. इतका सहज, की बाईंना थोडे वाईट वाटले. त्याने जरा तरी धरून राहायला हवे होते.

अम्मीने मुळे चाचपली, मग स्वतःची कंबर.

"कमर को झटका नई लगा," ती म्हणाली. मग दुसरीकडे पाहत म्हणाली, "जमाई, एक मेरे कू बना के दे. दांडा जरा लंबा रख."

ताहेरचे तोंड उघडेच राहिले. सिताराने पदर तोंडाला लावला.

"पण टीव्हीवर पाहायचं राहिलं हो, अम्मा," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"टीवी में मेरे कू क्या दिखता, बाई? दोनो आँख में मोतीबिंद है. बेटी ने बुलाया तो आ गई."

पाहुणे गेल्यावर बाईंनी आधी रेकॉर्डरच्या बटणावर चिकटपट्टी लावली. मग पानांचे आवरून डायरी घेऊन बसल्या. लिहिण्यासारखे पुष्कळ वाटत होते. पण दंडक दंडक होता. त्यांनी लिहिले:

कढीपत्ता मुळासकट निघाला. पाने धुऊन पंख्याखाली वाळत घातली; निम्मी सिताराकडे दिली.