पुसायची राहिलेली गोष्ट

शिवणकाम करणाऱ्या माझ्या धाकट्या जावेने मोबाइलवरच्या लेखनगटात सहा गोष्टी टाकल्या आणि कोणी वाचायच्या आत सहाही पुसून टाकल्या. सातवी टाकली तेवढ्यात गिऱ्हाईक माप द्यायला आलं आणि मोबाइल कापडाच्या ढिगाखाली गेला. तासाभराने पाहिलं, तर नऊ जणांनी गोष्ट वाचलेली. एका नर्सने लिहिलं होतं, "ताई, तुमच्या गोष्टीतल्या हट्टी सासूसारखीच एक आजी आमच्या वॉर्डात आहे. आज मी पहिल्यांदाच तिच्यावर चिडले नाही."

"वहिनी, पुसू का?" जावेने घाबरत मला विचारलं.

"अंगाला नीट बसलेला कपडा तू कधी उसवलास का गं?"

ती हसली. मग नर्सला लिहिलं, "तुमच्यामुळे ही राहिली. आधीच्या सहा आता आठवून लिहिते."