साडू, सासूबाई आणि हाराचा फोटो

फोटो न काढण्याची कला आमच्या साडूंइतकी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कोणाला साधलेली नाही, आणि गंमत म्हणजे ते व्यवसायाने फोटोग्राफर आहेत. त्यांना नोकरी नाही, दुकान नाही, स्टुडिओ नाही. गळ्यात कॅमेरा अडकवून ते दिवसच्या दिवस हिंडतात, एखाद्या भिंतीसमोर तासभर उभे राहतात आणि शेवटी मान हलवून घरी परततात. का, तर ‘उजेड आला नाही.’ मे महिन्यात भर दुपारी, डांबर पायाला चिकटत असताना, नाशकातल्या द्वारकेच्या चौकात उभं राहून ‘उजेड नाही’ म्हणणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तिथल्या हवालदाराने ते ऐकलं आणि त्यांना हाताला धरून हळूच रस्ता ओलांडून दिला. बिचाऱ्याला वाटलं, यांना दिसत नसावं. साडूंनीही कुरकुर केली नाही, कारण पलीकडच्या बाजूने चौक त्यांना जास्त बरा दिसत होता.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे नात्याने मला वडील. त्यामुळे त्यांना हसायचं ते पाठीमागे, अशी आमच्यात रीत आहे. अंगात बारा खिशांचं जाकीट असतं. त्यातल्या दोन खिशांत कॅमेऱ्याचं सामान असतं आणि उरलेल्या दहांत काय असतं ते त्यांनाही ठाऊक नसतं. एकदा धाकट्या भाचीच्या बारशात लेन्स पुसायचं फडकं शोधता शोधता त्यांनी खिशातून अर्धी साबुदाण्याची खिचडी काढली होती. बांधून घेतलेली होती म्हणून बरं.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे तर संयमाची परीक्षा. आम्ही दोन्ही कुटुंबं एकदा माझ्या गाडीतून गडावर देवीच्या दर्शनाला निघालो होतो. वणी गाव मागे पडतंय न पडतंय तोच साडू ओरडले, ‘थांबा!’ मला वाटलं चाकाखाली काहीतरी आलं. पाहतो तर रस्त्याच्या कडेला एका बंद रसवंतीचा गंजलेला पत्रा, आणि त्या पत्र्यावर बाभळीची सावली. साडू उतरले. पहिला अर्धा तास त्यांनी पत्र्याकडे नुसतं पाहिलं, दुसरा अर्धा तास एक डोळा मिटून पाहिलं. बायकांनी गाडीत बसून ओटीचं सामान दोनदा लावलं, मग शेंगदाण्याचे लाडू संपवले, मग एकमेकींच्या नवऱ्यांचा विषय काढला. शेवटी मी उतरून म्हटलं, ‘अहो, तिकडे रांग वाढत असेल.’ कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता ते म्हणाले, ‘देवी गड सोडून कुठे जात नाही. ही सावली सव्वाअकराला जाणार.’ सावली बरोबर सव्वाअकराला गेली. फोटो त्यांनी काढलाच नाही, कारण ऐन वेळी पत्र्यावर एक कावळा येऊन बसला आणि साडूंच्या मते तो कावळा ‘चित्रात फार पुढे पुढे करत होता.’

पोटासाठी त्यांना मधूनमधून लोकांची कामं घ्यावी लागतात, आणि ती कामं देणाऱ्यांची मला खरोखर दया येते. पिंपळगावकडच्या एका बागायतदाराने परदेशी व्यापाऱ्यांना पाठवायच्या माहितीपत्रकासाठी यांना बागेत बोलावलं. बिचाऱ्याची अपेक्षा साधी होती: पाण्याचे थेंब असलेले टपोरे घड. साडू चार दिवस बागेत राहिले आणि बारा फोटो देऊन आले. बाराही फोटो पानांचे, आणि प्रत्येक पानावर भुरी. भुरी म्हणजे द्राक्षाच्या पानावर पिठासारखी पसरणारी बुरशी. जेवताना तिचं नाव काढलं तर आमच्याकडच्या बागायतदाराला घास गिळवत नाही. तो माणूस रडवेला होऊन म्हणाला, ‘साहेब, सात एकरात दोन वेली खराब होत्या. तुम्हाला नेमक्या त्याच कशा घावल्या?’ साडू म्हणाले, ‘बघण्यासारख्या दोनच होत्या.’

पुढे त्याच बारा फोटोंचं मुंबईत प्रदर्शन झालं. मी मुद्दाम गेलो होतो, थोडं हसू असं मनाशी ठरवून. पण ती पांढरी, भुकटलेली पानं भिंतीएवढी मोठी करून लावलेली होती आणि लोक एकेका पानापुढे गप्प उभे होते. मीही राहिलो. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नातेवाइकांत मात्र त्यांची पत शून्य. माझ्या पुतण्याच्या लग्नात ‘घरचाच माणूस आहे’ म्हणून फोटो त्यांच्याकडे दिले होते. दीडशे फोटो आले. मांडवाबाहेरच्या चपला आल्या, गालिच्यावर तुडवल्या गेलेल्या अक्षता आल्या, खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले मुलीकडचे मामा तीन बाजूंनी आले. नवरदेव एकाच फोटोत होता, तोही जिलबीच्या पातेल्यावर पडलेल्या प्रतिबिंबात, उलटा. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी स्वतःच्या हातांनी मढवलेला मोठा फोटो भेट दिला. कागद फाडून पाहिलं तर एका भिंतीवरची ओल. आमची ही म्हणाली, ‘ओल नको म्हणून दोन वर्षं बिल्डरशी भांडले, आणि भावजी ती चौकटीत घालून घेऊन आले!’ फोटो कपाटामागे गेला. सगळ्यांच्याच घरी त्यांचा एकेक फोटो असा कशाच्या तरी मागे गेलेला आहे.

याचं त्यांना काही वाटत नसेल अशी माझी समजूत होती. एकदा माझ्याकडे चहा पिताना आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत ते म्हणाले, ‘मुंबईत ज्यांची नावं मला माहीत नाहीत त्यांच्या दिवाणखान्यात माझी चित्रं आहेत. आपल्या माणसांत एका भिंतीवर नाही. एक लागावं असं वाटतं हो.’ एवढं बोलून त्यांनी बिस्कीट बुडवलं आणि ते कपात पडलं. मी चमचा आणायला आत गेलो.

आणि अशा माणसाकडे आमच्या सासूबाईंनी फोटो मागितला.

सासूबाई सायखेड्याच्या. मुलगा, सून, पाच बिघे झेंडू आणि शेवंती, आणि सगळ्यांवर त्यांची जीभ. सहा वर्षांपूर्वी त्यांनी साडूंना समोर बसवून सांगितलं, ‘जावईबापू, माझा एक फोटू काढून ठेवा. हाराचा.’

साडू म्हणाले, ‘हाराचा म्हणजे?’

‘म्हंजे मी गेल्यावर हार घालतेत ना, तो. गल्लीतल्या बायांचं पाह्यलंय मी. येळंला फोटू घावत नाय, मग आधार कार्डावरचा मोठा करतेत. चांगली बाई चोरावानी दिसती. मला नीट पायजे.’

सहा वर्षं साडू ‘उजेड येऊ द्या’ म्हणत राहिले. अखेर मागच्या वेळचा अधिक महिना आला, अधिक श्रावण. अधिकात जावयांना धोंडे खायला बोलावतात, म्हणजे पुरण भरून केलेले गोड उंडे, वर तेहतीस अनारसे, दिवा, कपडे असा थाट. आम्ही दोघे जावई आंघोळी करून, उपाशीपोटी, वेळेवर हजर झालो. सासूबाई दारातच म्हणाल्या, ‘फोटू आधी. धोंडे मंग.’

नऊ वाजता जरीचं लुगडं, नथ आणि एरवी डबीत असणारी कवळी असा सगळा सरंजाम लेवून त्या अंगणात खुर्चीवर बसल्या. चेहरा असा, की तहसीलदारापुढे जबानी द्यायला बसल्यात. साडूंनी पाहिलं आणि ‘हं’ म्हणाले. दहा वाजले, अकरा वाजले. श्रावणातलं आभाळ, आणि हे उजेडाची वाट बघतायत! आतून तुपाचा वास येत होता आणि माझ्या पोटात कावळे कोकलत होते. मेहुण्याने न राहवून खिशातून मोबाइल काढला, एका सेकंदात आईचा फोटो काढला आणि म्हणाला, ‘हा घ्या, झाला की! चला दाजी, जेवायला.’ साडूंनी त्या मोबाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

एक वाजता सासूबाईंचा धीर सुटला. कवळी टोचत होती, ती काढून त्यांनी मुठीत धरली. पदर खांद्यावर पडला तो पडू दिला. शेजारी झेंडूचं क्रेट होतं, त्यात हात घालून नासकी फुलं निवडायला लागल्या आणि मान वर करून म्हणाल्या, ‘जावईबापू, तुमचा उजेड काय नाशकावरनं पायी पायी येतोय का?’ आणि आपल्याच बोलण्यावर त्या हसल्या, बोळकं पूर्ण उघडून, डोळे मिटून. तेवढ्यात कॅमेरा वाजला. एकदाच. साडू म्हणाले, ‘झालं. आता जेवू.’ आणि अकरा धोंडे जेवले.

महिनाभराने आम्ही तो फोटो घेऊन सायखेड्याला गेलो. सासूबाई भजनाला गेल्या होत्या. साडूंनी फोटोवर गुंडाळलेलं वर्तमानपत्र सोडलं. काळापांढरा, हात-दीड हाताचा फोटो. त्यात सासूबाई हसत होत्या. ‘अगं बाई, दात?’ सून म्हणाली. ‘पदर कुठंय?’ माझी बायको म्हणाली. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, राग मानू नका. पण हाराच्या फोटोत असं हसतेत का कुणी? दहाव्याला लोक काय म्हनतील?’ मग त्याने कपाटावरून जुन्या साडीत गुंडाळलेली एक चौकट काढली. वेळेवर धावपळ नको म्हणून त्याने स्वतःचा मोबाइलवरचा फोटो द्वारकेला एका स्टुडिओत मोठा करून घेतला होता. त्यात सासूबाईंचा रंग गोरापान, गालावर लाली, मागे निळं तळं आणि तळ्यात दोन हंस. सगळ्यांनी तो छान म्हटला. मीही मान हलवली. खोटं कशाला बोलू?

साडू म्हणाले, ‘आवडला नसेल तर राहू दे.’ परतताना सायखेड्यापासून नाशिकपर्यंत त्यांनी एकदाही ‘थांबा’ म्हटलं नाही. वाटेत नदीवर ऊन उतरलं होतं, बगळे होते, एक मोडकी बैलगाडीसुद्धा होती. मी मुद्दाम गाडी हळू केली. ते समोर पाहत बसले होते. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

दसऱ्याच्या आधी घर साफ करताना धान्याच्या कोठीमागे कुणीतरी सरकवून ठेवलेला, साडूंनी काढलेला फोटो सासूबाईंना सापडला आणि कपाटावर हंसांचा. दोन्ही समोर ठेवून त्या म्हणे तासभर बसल्या. मग आम्हाला फोन आला, ‘दोघं बी जावई उद्या या.’

आमच्याकडे गेलेल्या माणसांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावतात. तिथे सासऱ्यांचा फोटो आहे. आम्ही गेलो तर त्याच्या शेजारी सासूबाई हसत होत्या, जरा तिरक्या. खिळा त्यांनी स्वतः ठोकला होता. मेहुणा तोंड फुगवून ओसरीत बसला होता. इतक्यात गल्लीतली एक म्हातारी झेंडूची फुलं मागायला आत आली, तिची नजर भिंतीवर गेली आणि तिने टोपली टाकून गळाच काढला, ‘कधी गं गेलीस माझे बाई! मला कळवलं बी नाय!’

आतून आवाज आला, ‘कुठं नाय गेले. बस, चहा टाकलाय.’

म्हातारीला सावरून झाल्यावर मेहुणा म्हणाला, ‘बघ आई. जित्या माणसाचा फोटू असा लावतेत का? लोक हसतेत.’

‘हसू दे. मी बी हसतेच हाय त्यात,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी गेल्यावर तुम्ही त्यो हंसाचा लावनार, मला काय कळत नाय? तवा माझं कोन ऐकनार? म्हनून माझ्या देखत लावला. आता काढून दावा.’

मेहुण्याने ओसरीतून उठून फुलांचं वजन करायला जाणं पसंत केलं. सासूबाई साडूंकडे वळल्या. ‘जावईबापू, नीट लागलाय ना?’

प्रदर्शनात फोटो सूतभर कलला तर साडू सगळी भिंत उतरवायला लावतात. त्यांनी त्या तिरक्या चौकटीकडे पाहिलं. ‘नीट आहे,’ ते म्हणाले.

‘या घरात साठ वर्सं झाली मला,’ सासूबाई म्हणाल्या. शेजारच्या फोटोकडे बोट करून पुढे म्हणाल्या, ‘ह्यांनी बी कधी नाय. एवढा येळ लावून माझ्याकडं कुनी पाह्यलंच नव्हतं बघा.’ आणि चहा उतू जाईल म्हणून लगबगीने आत गेल्या.

साडू बाहेर शेताकडे निघून गेले. मी फोटोच्या जवळ गेलो. पंचवीस वर्षं मी या घरचा जावई आहे, त्यांच्या हातचं किती जेवलो त्याला गणती नाही. सासूबाईंच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत आणि त्यातला एक थोडा बाजूला सरकलाय, हे मला त्या फोटोत पहिल्यांदा दिसलं. मग मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या चहा गाळत होत्या. ठिपके होते.