थाई बाईचा नमस्कार

ऐंशीच्या सुमारास आम्ही बहारीनला होतो. नवरा शिफ्टवर, मुलं पुण्यात होस्टेलवर. माझी पाठ धरली, म्हणून हॉटेलातल्या थाई मालिशवालीकडे गेले. सुरू करण्याआधी तिने हात जोडले. मीही घाईने उलट नमस्कार केला.

"तुम्हाला नाही, मॅडम, गुरूंना," ती मोडक्या हिंदीत हसत म्हणाली. ती बँकॉकच्या एका जुन्या बुद्धमंदिरात शिकली होती. "तिथे आम्ही मुली एकमेकींच्या पाठीवर शिकायचो. इथे पाच वर्षांत माझ्या पाठीला कोणाचा हात नाही."

तिच्या कोपराखाली माझी पाठ मोकळी झाली, तशी मी उठले. म्हटलं, "आता तू झोप पालथी. जमेल तसं दाबते."

ती चादरीची घडी घालत राहिली. "नको, मॅडम. सवय लागेल."

पुढच्या बुधवारी माझी पाठ दुखत नव्हती. तरी गेले.