दुसऱ्या नर्सची जागा

फिनेलचा वास आला की मला लढाईच्या दिवसांतला कडेगावकडचा एक लहानसा सरकारी दवाखाना आठवतो. तिथं आम्ही दोघी नर्स होतो. दुसरीला लष्करी इस्पितळात धाडलं आणि तिची जागा रिकामीच राहिली. एका दुपारी डॉक्टर साथीसाठी खेड्यावर गेलेले, उसाच्या फडांवरून गरम वारा येत होता, आणि बाळंतपणाला एकदमच दोन बायका आल्या. एक फौजेतल्या जवानाची बायको, दुसरी गावातल्या बागवानाची सून. जवानाच्या बायकोला मूल झालं, पण रक्त थांबेना. मी तिचं पोट दाबून धरलं होतं. हात काढला असता तर ती गेलीच असती. तेवढ्यात पडद्यापलीकडून सुनेची सासू ओरडली, "आवं बाई, पोराच्या गळ्याला नाळ हाय, लवकर या!" नाळ कशी सोडवायची ते मी जागेवरूनच सांगत राहिले. मोकळी होऊन धावले तेव्हा मूल निळं पडलं होतं. सासूनं ते पदरात घेतलं आणि हळूच म्हणाली, "तुमी तरी काय करणार? दोनच हात हायत तुमाला." पुढं जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला आले. मी त्यांना सगळं सांगून दुसरी नर्स मागितली. ते म्हणाले, "दोन्ही बायका वाचवल्यात ना तुम्ही? मग एकीवर भागतंय." ती जागा कायमची बंद झाली. आता मी म्हातारी झाले, पण घरात कुणी सहज "भागतंय" म्हणालं तरी मी उठून बाहेर जाऊन बसते.