शिडीचा काठ

पवनीत माझ्या घराला लागूनच हेमराज सोनकुसरे यांचे घर आहे. त्यांच्या मागांची खटखट माझ्या सकाळच्या चहाच्या अगोदर सुरू होते आणि तिची मला इतकी सवय झाली आहे की एखाद्या दिवशी माग बंद असले, तर घड्याळ थांबल्यासारखे वाटते. सोनकुसरे हे पिढीजात विणकर. हेमराजजींचे वडील यादोराव स्वतः मागावर बसत. हेमराजजी इतरांना बसवितात आणि साड्या विकतात. व्यवहाराला माणूस अत्यंत चोख. त्यांनी विणकराची मजुरी कधी अडवली नाही, आणि शेजाऱ्याने नवी मोटार घेतली तर नारळ घेऊन तेच प्रथम जातात. परक्याच्या भरभराटीचा त्यांना कधी हेवा वाटला नाही. त्यांचा सारा मत्सर घरातल्या घरात, पत्नी मंजुषाबाई यांच्यापुरता राखून ठेवलेला आहे.

एकदा मंजुषाबाईंनी आकाशवाणीवरील एका निवेदकाचा आवाज गोड असल्याचे म्हटले. दुसऱ्या दिवशी रेडिओ स्वयंपाकघरातून दुकानात गेला. गावातील होमिओपॅथीचे डॉक्टर समजूतदार आहेत, असे त्या बोलून गेल्या. तेव्हापासून सोनकुसरे कुटुंब काढ्यावर आहे. मंजुषाबाई यावर रागावत नसत. "याईचं असंच आहे, सर," असे म्हणून त्या हसत, आणि त्यांच्या त्या हसण्याचीही हेमराजजींना शंका येई.

या स्वभावाचे मूळ मला ठाऊक आहे. मंजुषाबाई लग्नापूर्वी तीन वर्षे मामाकडे राहून नागपूरच्या महाविद्यालयात शिकल्या, बी.ए. झाल्या. हेमराजजींचे शिक्षण दहावीवर थांबले. पत्नीच्या आयुष्याची ती तीन वर्षे त्यांना एखाद्या कुलूपबंद खोलीसारखी वाटत आली. आत काय आहे ते त्यांनी कधी विचारले नाही, आणि दारावरची नजरही कधी हलवली नाही.

या अस्वस्थतेवर त्यांच्याजवळ एकच औषध होते: शिडीचा काठ. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मंजुषाबाईंनी चौकटीच्या कागदावर साडीचा एक काठ रेखाटला. दोन उभ्या रेघा, आणि त्यांच्यामध्ये किंचित तिरक्या पायऱ्या. हेमराजजींनी तो टसरवर विणवून घेतला आणि साडी चालली. लग्नाच्या बस्त्यात आया-मावश्या तोच काठ मागू लागल्या; मुलीने सासरी चढत जावे, असा अर्थ त्यांनी आपणहून लावला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला हेमराजजी सांगत, "हा काठ बजारातला नाही बरं का. आमच्या घरचा आहे. आमच्या दोघांचा." शेवटचे दोन शब्द ते जरा मोठ्याने उच्चारीत.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र परत करण्यास गेलो होतो. मंजुषाबाई चुलीशी होत्या. त्यांच्या फोनवर महाविद्यालयातील जुन्या मित्रमंडळींच्या गटात काही संदेश आला. चष्मा जवळ नसल्यामुळे त्यांनीच फोन पतीच्या हाती दिला आणि वाचायला सांगितले. हेमराजजी वाचू लागले. कुंदन नावाच्या वर्गमित्राने लिहिले होते की, त्यांच्या तरुणपणीचा तो रॉक संगीताचा इंग्रजी चित्रपट चाळीस वर्षांनी पुन्हा झळझळीत करून पुढच्या महिन्यात नागपुरात लागणार आहे. तो स्वतः पुण्याहून मुद्दाम येणार आहे. पुढे होते: "मंजुषा, पुण्यात एका प्रदर्शनात तुझ्या दुकानची साडी पाहिली. काठावरची शिडी लगेच ओळखली. आपण पाहिलेल्या सिनेमातलीच ना?" खाली चित्रपटाचे भित्तिचित्र होते. समुद्रातून एक शिडी निघून ढगात गेली होती आणि तिच्यावर एक तरुण चढत होता.

हेमराजजींनी फोन पाटावर ठेवला.

"हो का? लागून राहिला का तो पुन्हा?" एवढेच म्हणून मंजुषाबाईंनी वांगी परतली.

त्या एवढ्यावरच थांबल्या, हेच हेमराजजींना सोसले नाही. त्यांनी अंगणात येऊन माझा हात धरला. "पाह्यलं सर? इतकी वर्सं मी दुसऱ्याची शिडी इकून राहिलो."

मी म्हणालो, "प्रथम त्यांना विचारा तरी."

"इचारू का? अन् ती हाव म्हणाली तं?"

मी वर्तमानपत्र ओसरीवर ठेवून घरी परतलो.

त्याच आठवड्यात मोहाडीचे व्यापारी बाबुलाल दुकानात आले. शिडीच्या काठावर त्यांचा फार दिवसांचा डोळा होता. दरवर्षी ते नक्षीची किंमत विचारीत आणि हेमराजजी दरवर्षी चहा पाजून परत पाठवीत. या खेपेस हेमराजजी आत गेले. मागावर ती नक्षी उमटविणारे भोकांचे पुठ्ठे असतात. त्यांची संपूर्ण माळ आणि मंजुषाबाईंचा मूळ कागद त्यांनी आणून बाबुलालांच्या पुढ्यात टाकला. "न्या. पैसे नको. माझ्या डोळ्यासमोरून न्या." बाबुलालांनी फार विचारपूस केली नाही. घरात मात्र हेमराजजींनी सांगितले की पुठ्ठे उंदरांनी कुरतडले.

आणि महिनाभराने त्यांनी आपणहून प्रस्ताव मांडला की चित्रपट पाहण्यास सर्वांनी जावे. मंजुषाबाईंना आश्चर्य वाटले. मला का नेले, ते वाटेत कळले: इंग्रजी समजावून सांगण्यासाठी.

"सर, रॉक म्हणजे का असते?" मोटार भिवापूरच्या पुढे गेल्यावर त्यांनी विचारले.

मी जमेल तसे सांगितले. विजेची गिटार, ढोल, मोठा आवाज. एका गटाने एकाच विषयावर गाणी रचून त्यांची एक तबकडी काढली, आणि पुढे दिग्दर्शकाने त्याच क्रमाने त्या गाण्यांवर चित्रपट उभारला.

"म्हणजे गाणे आधी अन् सिनेमा मागून? आपल्या दंडारीच्या खेळात बी तसंच असते. मग त्यात एवढं का आहे?" असे म्हणून त्यांनी आरशातून मागच्या आसनाकडे पाहिले. मंजुषाबाई खिडकीबाहेर पाहत काहीतरी गुणगुणत होत्या. हेमराजजींनी काच वर करायला लावली.

कुंदन चित्रपटगृहाच्या दारातच उभे होते. पांढऱ्या केसांची लहानशी शेंडी बांधलेले, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मनमोकळे गृहस्थ. त्यांच्यात आक्षेप घेण्याजोगे काहीच नव्हते, आणि हेमराजजींची अडचण नेमकी तीच होती. कुंदन यांनी पिशवीतून जुनी तबकडी काढून मंजुषाबाईंपुढे धरली. "तुझ्यासाठी आणली. मूळ प्रत आहे."

हेमराजजींनी मधूनच ती घेतली. "तवा? आमच्या घरी आहे एक. पोया बऱ्या होतेत त्याच्यावर."

कुंदन मनापासून हसले. त्यामुळे हेमराजजींचा चेहरा अधिकच उतरला.

आसनांची व्यवस्था त्यांनीच लावली. भिंतीला मंजुषाबाई, मग ते स्वतः, मग मी आणि पलीकडे कुंदन. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर हद्दीचा दगड रोवावा तसा मी दोघांच्या मध्ये रोवला गेलो. तबकडी हेमराजजींनी मांडीवर ठेवली आणि वर दोन्ही हात.

चित्रपटात कथा म्हणावी अशी नव्हती. समुद्राकाठचे एक शहर. तेथील माणसे बोलत नाहीत, केवळ गातात. कोणी पलंग उचलून वाळूत नेऊन ठेवतो. पोस्टातील बाई घरोघरी रिकामे जोडे वाटते. दिवसभर घड्याळांचा पाऊस पडतो आणि मुले ती टोपलीत वेचतात. एक तरुण आपले घर शोधत हिंडतो. तो दार उघडतो तेव्हा आतून गिटार किंचाळते आणि दारामागे पुन्हा समुद्र असतो.

"का म्हणून राहिला?" हेमराजजींनी माझ्या कानाशी विचारले.

"तो म्हणतो, माझे घर मला ओळखत नाही."

"घरटॅक्सची पावती दाखव म्हणा."

पुढच्या रांगेतून कोणीतरी शुक् केले. हेमराजजी गप्प झाले. पण त्यांचे डोळे पडद्यावर नव्हतेच. पत्नीच्या चेहऱ्यावर पडद्याचा निळा-तांबडा उजेड पडत होता आणि ते त्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती कोठे हसते, कोठे मान हलवते, कोणत्या ओळीवर ओठ हलतात. दोन ठिकाणी ओठ हलले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या मनगटावर बोटे दाबली.

मध्यंतरापर्यंत शिडी मात्र आली नाही.

बाहेर उजेडात समोसे घेऊन आम्ही उभे राहिलो. कुंदन उत्साहात होते. "आता खरी मजा. शिड्यांचा भाग आता येतो. मंजुषा, आठवतं? तू तर रडली होतीस तेव्हा."

मंजुषाबाईंनी समोशाचा तुकडा तोंडातून काढून हातात धरला. "मी? मी तं इथपर्यंतच पाह्यला होता."

"म्हणजे?"

"अरे, मामा आले होते न घ्यायले. सात वाजता घरात पाय पाह्यजे म्हणून सांगितलं होतं त्याईनं. मध्यंतरात दारातच उभे. माझ्या हाताले धरून नेलं, पूर्ण कॉलेजासमोर. त्याच्यापुढं का झालं ते मले आजपर्यंत नाही मालूम."

"नाही नाही," कुंदन म्हणाले, "तू माझ्या शेजारी होतीस. शेवटच्या गाण्याला तू..." ते थांबले. त्यांची नजर कोठेतरी दूर गेली आणि रिकामी परत आली. "मग ती कोण होती?"

"मले का मालूम बाप्पा? रेणू असन. तिले कशावरही रडू येये."

त्या क्षणी हेमराजजींच्या मुखावर जो आनंद उमटला तसा मी पूर्वी कधी पाहिलेला नाही. त्यांनी कुंदन यांना स्वतःच्या हातचा समोसा दिला. "खा हो. पुण्याले असे भेटत नसतीन." चाळीस वर्षे जपलेली आठवण चुकीच्या मुलीवर बसवलेली निघाली, म्हणून तो गृहस्थ हातातल्या समोशाकडे पाहत होता आणि हेमराजजी त्याच्या पाठीवर थोपटत होते.

उत्तरार्धात शिड्या आल्या. लोखंडी, गंजलेल्या, समुद्रातून शेकड्यांनी उगवणाऱ्या. आमच्या काठाशी त्यांचे काही साम्य नव्हते. हेमराजजी आता निर्धास्तपणे पडदा पाहत होते. मंजुषाबाई मात्र पुढे सरकून बसल्या होत्या. त्यांच्यासाठी सारे नवे होते. शेवटच्या गाण्यात तो तरुण ढगांत नाहीसा झाला, शहरातील सर्व दारे आपोआप उघडली, आणि मंजुषाबाईंनी पदराने डोळे टिपले.

परतताना हेमराजजींनी फार सहज स्वर लावून विचारले, "मग ती शिडी कुठून काढली होती तुनं?"

"कोणती?"

"काठावरची."

"इश्श. आपल्या घरची. माळ्यावर सुताच्या कांड्या ठेवत होतो ना आपण? सासूबाई मलेच वर पाठवत. त्या बांबूच्या शिडीची मले लय भीती वाटे, वाकडी होती ते. तुम्ही मागावरून उठून येत अन् खालून धरत. बोलत काही नव्हते. नुसती धरून उभे राहत." त्या हसल्या. "नवं नवं लगन होतं. बोलणार कसे?"

हेमराजजी समोर पाहत होते. त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"आता इश्वरले सांगा," मंजुषाबाई पुढे म्हणाल्या. इश्वर हे त्यांच्याकडील सर्वांत जुने विणकर. "नवे पुठ्ठे करून घ्या अन् मागावर चढवा. कागद आहे ना माझा?"

हेमराजजींनी सर्व सांगितले. उंदीर, बाबुलाल, कागद. काहीही वगळले नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "माह्या डोक्यात शिरलं होतं काहीतरी."

मंजुषाबाईंनी विचारले ते एवढेच: "मले इचारलं काहून नाही?"

दुसऱ्याच दिवशी हेमराजजी मोहाडीला गेले. बाबुलालांनी साडी उलगडून दाखवली. त्यांनी काठाचे नाव बदलून 'प्रगती बॉर्डर' ठेवले होते आणि मागणी उत्तम होती. "शेठ," ते म्हणाले, "दिलेलं कोणी परत मागते का? लोक हासतीन ना तुमाले." हेमराजजी रिकाम्या हाताने परतले. मंजुषाबाईंना तो काठ पुन्हा रेखाटता आला असता. मी तसे सुचविलेही. त्या म्हणाल्या, "आता विणला तं लोक म्हणतीन, बाबुलालची नक्कल करून राहिले. नको, सर. गेला तो गेला."

त्यानंतर त्या पंधरवडाभर पतीशी कामापुरतेच बोलत होत्या. परवा दुपारी मी गेलो तेव्हा ओसरीवर चौकटीचा कागद पसरून त्या नवा काठ भरत बसल्या होत्या. लहान लहान आकार एकापुढे एक चालले होते. जोडे म्हणावे तर जोडे, होड्या म्हणाव्या तर होड्या. हेमराजजी खांबाला टेकून उभे होते आणि मान वाकडी करून पाहत होते.

"हे का होय?"

"काठ."

"कायचा काठ?"

"साडीचा."

"तसं नाही. कुठून काढला?"

मंजुषाबाईंनी पेन्सिलीला टोक केले. "तुम्ही होते ना सिनेमाले माह्या बाजूले? ओळखा."

हेमराजजींनी माझ्याकडे पाहिले. "सर, असं काही होतं का त्याच्यात?"

मी चित्रपट लक्षपूर्वक पाहिला होता. तरीही पोस्टातील बाई जोडे वाटते, याखेरीज मला निश्चित काही सांगता आले नाही. त्यांनी तर पूर्वार्धभर पडदा पाहिलाच नव्हता. ते ओसरीवर दोनदा इकडून तिकडे गेले, मग खिशातून फोन काढला आणि कुंदन यांनी निरोप घेताना मला दिलेला त्यांचा क्रमांक माझ्याकडून घेतला.

"हालो. कुंदनजी का? हेमराज बोलून राहिलो, पवनीहून... हाव, बरे आहो सगळे. तुमी कसे?... नाही, तिनं नाही लावला. मीच लावला. एक इचाराचं होतं. तो सिनेमा... हाव, तोच. त्याच्यात ते पोस्टातली बाई जोडे वाटते म्हणे, तं ते जोडे दिसाले कसे होते? नीट सांगा, मी थांबतो."

मंजुषाबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी पुढची चौकट भरली.