पाहुण्यांसाठी पांगारा

कोलशेतला माझ्या फिरायच्या वाटेवर एक म्हातारी अंगणात चूल मांडून बसते. रानातून वेचून आणलेली लाकडं हातात तोलून, हुंगून ती दोन ढीग लावते. खैराचा निखारा टिकतो. पांगारा मात्र नुसताच धुमसतो.

"आजी, पांगारा कशाला आणता?"

"पावन्यांना."

तेवढ्यात तिचं घर मागायला बिल्डरचा माणूस आला.

"बस बाला, चाय ठेवते," म्हणत तिने चुलीत पांगारा सारला. डोळे चोळत, खोकत तो कागद न काढताच पळाला. मी पोट धरून हसलो.

परवा मी गप्पा मारत जरा जास्तच रेंगाळलो.

"बस बाला, चाय ठेवते," आजी गोड हसली आणि तिचा हात पांगाऱ्याच्या ढिगाकडे गेला.